औषधात काटकसर नको

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



मी काही मोठी वक्ती नव्हे. औषधाच्या दुकानात उभे राहून डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली. दुकानातल्या गर्दीत जे सविस्तर सांगता येत नाही, ते आज सांगावे म्हणते.

काटकसर हा आपणां गृहिणींचा गुण. शिळ्या पोळीचा कुस्करा करावा, जुन्या लुगड्याची गोधडी शिवावी, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण हाच गुण औषधाच्या डब्यात शिरला की घात करतो. “ताप उतरला ना? मग राहिलेल्या चार गोळ्या ठेवून देऊ, पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडतील,” असे आपण सहज म्हणतो. त्या चार गोळ्यांविषयीच मला बोलायचे आहे.

प्रतिजैविक, म्हणजे आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो ते औषध, जिवाणूंवर चालते. साधे सर्दी-पडसे आणि फ्लू हे विषाणूंमुळे होतात. त्यांच्यावर या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 साली पेनिसिलिनचा शोध लागला. 1954 साली पुण्याजवळ पिंपरीला सरकारी कारखाना स्थापन झाला आणि हे औषध आपल्याकडेही तयार होऊ लागले. पण त्याआधीची एक हकीकत ऐका. 1941 साली ऑक्सफर्ड येथे एका पोलिसाला हे औषध सुईवाटे देण्यात आले. त्याच्या चेहऱ्यावर आणि डोक्यात पू झाला होता, एक डोळाही गेला होता. औषध सुरू होताच तो सुधारू लागला, जेवू लागला. परंतु औषधाचा साठाच संपला. त्याच्या लघवीतून औषध परत काढून तेही पुन्हा दिले, तरी ते पुरले नाही. दुखणे उलटले आणि तो दगावला.

भगिनींनो, त्या बिचाऱ्याला द्यायला औषध शिल्लक नव्हते. आपण मात्र ते फडताळात असूनही मध्येच थांबवतो! बरे वाटू लागले म्हणजे सगळे जंतू मेले असे नव्हे. लेकराचा घसा विशिष्ट जंतूंनी सुजला असेल, तर डॉक्टर पेनिसिलिन बहुधा दहा दिवस देतात. दुखणे दोन-तीन दिवसांतच थांबते. मग उरलेले दिवस कशासाठी? तर त्या जंतूंच्या मागून येणारा संधिवाताचा ताप टळावा म्हणून. त्या तापाने हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. किती दिवस घ्यायचे हे डॉक्टरांनी ठरवावे. आपल्या मनाने कमीही करू नये आणि वाढवूही नये.

दुसरी गोष्ट उसनवारीची. साखर, विरजण शेजारणीला जरूर द्यावे. गोळी देऊ नये. लघवीला जळजळ होते, पण सांगायचे कसे या संकोचाने कितीतरी बायका जावेची नाही तर नणंदेची उरलेली गोळी घेतात. रोग निराळा, जंतू निराळा, त्यातून एखादी गरोदर असायची! टेट्रासायक्लिनच्या जातीच्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाचे पुढे येणारे दात डागाळतात. शिवाय विनाकारण घेतलेल्या प्रत्येक गोळीने दुबळे जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे मागे राहून वाढतात. मग खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ते चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही, असा प्रचार केंद्र सरकारने 2016 साली सुरू केला. ही रेघ आपल्या मुलींनाही ओळखायला शिकवा.

आता गोळी घ्यायची कशी? उपाशीपोटी की जेवून, हे विचारून घ्यावे. दिवसातून तीनदा असेल, तर तिन्ही वेळांत शक्यतो सारखे अंतर ठेवावे. एखादी वेळ चुकली तर आठवताच घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडावी, पण दोन एकदम घेऊ नयेत. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये, अन्ननलिकेला इजा होते. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधाबरोबर घेऊ नये. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर किती अंतर ठेवायचे ते विचारावे. त्या काही प्रतिजैविकांना अंगी लागू देत नाहीत. मुलांच्या औषधाची कोरडी पूड असेल, तर उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालावे, दर वेळी बाटली हलवावी आणि सोबतच्या मापानेच द्यावे. घरातला चमचा लहानमोठा असतो. लेबलावर लिहिलेल्या दिवसांनंतर उरलेले टाकून द्यावे.

पूर्वी एखाद्या गोळीने अंगावर गांधी उठल्या असतील, तर त्या गोळीचे नाव लिहून ठेवा आणि दर वेळी डॉक्टरांना सांगा. आपण गरोदर आहोत की अंगावर पाजतो आहोत, हेही सांगा. थोडी मळमळ, पातळ शौच होऊ शकते. पण फार जुलाब झाले, शौचात रक्त दिसले किंवा पुरळ उठले, तर डॉक्टरांना ताबडतोब कळवावे. तोंड सुजले किंवा श्वास लागला, तर पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठावा. तिथे क्षणाचाही उशीर नको.

भगिनींनो, घरात औषध देणारा हात बहुधा आपलाच असतो. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढे करा. औषधांचा डबा उघडा, जुन्या दुखण्यातल्या उरलेल्या गोळ्या बाजूला काढा आणि त्यांचे काय करावे हे औषधवाल्याला विचारा. बाकी सर्व बाबतींत आपली काटकसर अखंड चालू राहो!