पंडिता रमाबाई : निष्ठा एक, पंथ अनेक

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंनी आपल्या चिमुकल्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात त्यावरून केवढा गदारोळ उठला, हे आपण जाणतोच. पण ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांचीही झोप या बाईंनी उडवली होती, हे फारसे कुणी सांगत नाही. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

वाँटेजच्या अँग्लिकन मठात भगिनी जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता झाल्या. पत्रांत रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. माया अपार, पण वाद त्याहून मोठा. त्र्यैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना पटेना. ख्रिस्ताच्या देवत्वाची चर्चने केलेली मांडणीही गळी उतरेना. आजीबाई सांगत, चर्चच्या शिकवणुकीपुढे नम्र हो. बाई उत्तर देत, मी ख्रिस्ताच्या मंडळीत आले आहे; धर्मगुरूंच्या किंवा बिशपांच्या तोंडून निघेल तो प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही. भटजींच्या जोखडातून मान सोडवून घेतलेल्या बाईला दुसरे जोखड नको होते. शास्त्र आपण वाचावे, विवेकाला विचारावे, असा त्यांचा खाक्या. संस्कृत पंडित अनंतशास्त्री डोंगऱ्यांची लेक ती. पोथी समोर असताना दुसऱ्याच्या सांगण्यावर भागवणे तिच्या रक्तात नव्हते.

वाद कागदावरच राहिला नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्या शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघताच मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी नापसंती कळवली. भारतात भरसभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिलेल्या बाईला हे मानवणे शक्यच नव्हते.

मतभेदाचा त्रास एकट्या रमाबाईंनाच झाला असेही नाही. त्यांच्या निर्णयावर ज्यांचा मोठा प्रभाव पडला ते नीळकंठशास्त्री गोऱ्हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. १८४८ मध्ये ते ख्रिस्ती झाले, पुढे इव्हँजेलिकल मिशनऱ्यांकडून अँग्लिकन चर्चच्या उच्चपंथीयांकडे वळले, आणि शंकांनी त्यांची पाठ कधी सोडली नाही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन अशी पंथांची जत्राच भरलेली. हा गलबला पाहून आपण किती गोंधळलो, हे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहिले. पण त्यांपैकी अनेकांची मदत त्यांनी घेतली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले.

श्रद्धा मात्र तेव्हाही पुरती स्थिरावलेली नव्हती. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडायचा राहिला होता, असे त्यांना पुढे वाटले. १८९१च्या सुमारास, एका इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचल्यानंतर, तो सापडल्याची त्यांची खात्री झाली. त्यानंतर बाईंनी काही हातचे राखून ठेवले नाही. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या. केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी एकटीने केले. खेड्यातल्या बाईला कळावी अशी मराठी हवी, हा त्यामागचा हट्ट. छपाईचे काम मुक्तीतल्या मुलींनीच केले.

१९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची लाट उसळली. मुली रडत, पापे कबूल करत. काही जणी न शिकलेल्या अन्य भाषांत बोलू लागल्या. पुढे अमेरिकेतल्या अनेक पेंटेकोस्टल मंडळींनी अन्य भाषा ही पवित्र आत्मा लाभल्याची आवश्यक खूण ठरवली. मुक्तीत तशी अट कधी घातली गेली नाही. या लाटेविषयी पुस्तक लिहिणाऱ्या मिनी एब्रम्सही मूळच्या मेथडिस्ट. मुक्तीच्या आवारात कुणाचा पंथ कोणता, यावरून कुणाचे अडले नाही.

पंथांच्या चौकटीत न मावणाऱ्या रमाबाई एकट्याच नव्हत्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. मराठी ख्रिस्ती मनाची ही एक धाटणीच म्हणायला हवी.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ज्या चर्चच्या बिशपांशी त्या भांडल्या, त्याच चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत आज ३० एप्रिलला त्यांचे स्मरण केले जाते. त्यांची पत्रे आजीबाईंनी जपून ठेवली, आपल्याविरुद्ध लिहिलेलीसुद्धा. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती इंग्रजीत छापली. रमाबाईंना कडव्या मिशनरी म्हणण्याआधी किंवा संत ठरवण्याआधी, श्रोतेहो, ती पत्रे एकदा वाचा.