छापलेला आकडा आणि भरलेला आकडा

(कोल्हापूर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



शेतीला दिवसा दहा तास वीज द्या, एवढे साधे मागणे घेऊन फेब्रुवारी २०२२ मध्ये याच कोल्हापुरात महावितरणच्या दारात शेतकऱ्यांना धरणे धरावे लागले. रात्री उसात दारे धरणाऱ्याला पायाखाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून आपली काही पोरे जुन्या ई-सायकलचे सेल जोडून घरीच बॅटरी बांधतात, तिच्यावर दिवा लावतात, फवारणीचा पंप चालवतात. पोरांचे कौतुक आहेच. पण बॅटरी ३६ व्होल्टची आणि दिवा, पंप १२ व्होल्टचे. मध्ये व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर लागतो. तो कसा निवडायचा, एवढेच आज सांगणार आहे.

शेतकी कॉलेजात आम्हाला पोत्यावरचा आकडा वाचायला शिकवले. डीएपीवर १८:४६ छापलेले असते. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात नत्र ९ किलो आणि स्फुरद २३ किलो. नुसते पोते बघून भाव करणारा फसतो. बॅटरीवरचा ३६ हा आकडाही असाच वाचावा लागतो. लिथियम-आयनचे दहा सेल ओळीने जोडले की ३६ व्होल्टची बॅटरी होते. पण पूर्ण चार्ज झालेला प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर असतो. म्हणजे बॅटरी ४२ व्होल्टवर. उतरत उतरत ती ३० वर येते. कन्व्हर्टरने ३० ते ४२ ही सगळी चढउतार सोसली पाहिजे.

बाजारात स्वस्तात मिळते ती एल.एम. २५९६ ची छोटी पट्टी. तिची मर्यादा ४० व्होल्ट आणि ३ अँपिअर. ३६ च्या बॅटरीला ४० ची पट्टी पुरेल, असे दुकानात कोणीही सांगेल. पण भरलेली बॅटरी जोडाल तेव्हा ती पट्टी मर्यादेच्या बाहेर गेलेली असेल. आतला स्विच जळून चिकटला, तर ४२ व्होल्ट सरळ पंपाच्या मोटारीत जातात. पट्टी गेली आणि पंपही गेला! म्हणून ६० व्होल्टपर्यंत सोसणारा आणि ३० वरही चालणारा कन्व्हर्टर घ्या.

दुसरा प्रश्न अँपिअरचा. पंप चालताना ४ अँपिअर घेत असेल, तरी सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. म्हणून १० अँपिअरचा घ्या, आणि तो आकडा सतत चालण्याचा आहे की क्षणभराचा, हे विचारून घ्या.

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, मध्ये एक रेझिस्टन्स टाकू. हिशेब करा. ३६ तून १२ घ्यायचे, तर २४ व्होल्ट वाया. ४ अँपिअरला ते ९६ वॅट होतात आणि पंपाला मिळतात ४८. म्हणजे तीनातले दोन हिस्से नुसती उष्णता. चांगला बक कन्व्हर्टर शंभरातले नव्वद पोचवतो. पंपाच्या ४८ वॅटसाठी बॅटरीतून ५३ वॅट जातात, उष्णता फक्त ५ वॅट.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. बॅटरीच्या धन टोकाजवळच ५ अँपिअरचा फ्यूज बसवा. बीएमएस नसलेली लिथियमची बॅटरी वापरू नका. व्होल्टेज उतरले की कन्व्हर्टर उलट जास्त अँपिअर ओढतो, आणि त्याला थांबवणारे कोणी नसेल तर सेल मरेपर्यंत ओढत राहतो. अशा खराब झालेल्या सेलला पुन्हा चार्जिंग लावले, की आग लागू शकते. घरात, गोठ्यात, पाचटाजवळ चार्जिंग करू नका. कन्व्हर्टर फिरक्याचा असेल, तर आधी मीटरने १२ व्होल्ट लावून बघा, मगच पंप जोडा.

आणि नवी बॅटरी बांधणार असाल, तर लोह-फॉस्फेटचे चार सेल ओळीने जोडा. १२.८ व्होल्ट मिळतात. १२ व्होल्टचा बहुतेक पंप त्यावर थेट चालतो, कन्व्हर्टरच लागत नाही. बीएमएस आणि फ्यूज मात्र तिथेही हवेच.

काटामारी पकडायची तर आपण दुसऱ्या काट्यावर वजन करून बघतो. इथला आपला काटा म्हणजे मल्टीमीटर. प्रत्येक गावशाखेने एक घ्यावा आणि तो वापरणारी दोन पोरे-पोरी तयार करावीत. दिवसाच्या विजेचे मागणे आपण सोडणार नाही. पण ती मिळेपर्यंत रात्री दारे धरणाऱ्याच्या हातातला दिवा ऐन वेळी विझता कामा नये.