सुईचा गुण आणि पुराव्याचा कस

वर्ध्याजवळ धाम नदीच्या कांठीं पवनार हें गांव आहे. १९३८ सालीं विनोबा भावे तेथें राहावयास आले, तेव्हां त्यांचें वजन अवघें ८८ पौंड होतें. सारी चिंता सोडून ते शेतांत खणूं लागले. प्रारंभ पांच मिनिटांनीं केला व वेळ हळूहळू वाढविला. कांहीं महिन्यांत वजन सुमारें ४० पौंडांनीं वाढलें. गुण आला हें खरें. परंतु तो कुदळीचा, मोकळ्या हवेचा, आहाराचा कीं निश्चिंत मनाचा, हें एकाच्या अनुभवावरून कोण सांगणार?

सुया टोचून वेदना शमविणाऱ्या ॲक्युपंक्चर या चिनी उपचारासंबंधींही हाच प्रश्न उभा राहतो. त्याच १९३८ सालीं काँग्रेसचें वैद्यकीय पथक चीनला गेलें. त्यांत सोलापूरचे डॉ. कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर व कलकत्त्याचे डॉ. बसू होते. कोटणीस १९४२ मध्यें तिकडेच निवर्तले. बसूंनीं पुढें ही विद्या आत्मसात् करून १९५९ पासून कलकत्त्यास तिचा उपयोग आरंभिला.

तिची एक मोठी कसोटी जर्मनींत झाली. निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाले. जुन्या कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्या तसे, तीन गट पाडले. पहिल्यास शास्त्रोक्त ठिकाणीं सुया टोचल्या. दुसऱ्यास भलत्याच ठिकाणीं, वरवर. तिसऱ्यास औषधें व व्यायाम दिले. सहा महिन्यांनीं अनुक्रमें ४७.६, ४४.२ व २७.४ टक्के रोग्यांस उतार पडला.

या आंकड्यांचे दोन अर्थ निघतात. सुईचा उपचार नेहमींच्या उपचारापेक्षां सरस ठरला. पण योग्य व अयोग्य स्थानांत फारसें अंतर उरलें नाहीं. म्हणजे शरीरांतील प्राणवाहिन्यांची जी उपपत्ति सांगितली जाते, तिला येथें आधार मिळाला नाहीं. रोग्याची आशा, उपचारकाची आस्था व टोचण्याची क्रिया यांचाच वांटा मोठा असावा. तथापि मिळालेला आराम खोटा नव्हे.

तेव्हां घरांतील वडील मंडळींची कंबर वर्षानुवर्षें दुखत असेल, तर आधीं डॉक्टरकडून निदान करून घ्यावें. मग जाणत्या हातानें, निर्जंतुक व एकदांच वापरावयाच्या सुयांनीं हा पूरक उपचार करून पाहण्यास हरकत नाहीं. मात्र त्याच्या भरंवशावर मधुमेहाचें वा क्षयाचें औषध थांबवूं नये, अंगावरची गांठ दडवूं नये. “अमक्याला गुण आला” असें ऐकतांच आनंद मानावा, आणि लगेच विचारावें: हा उपचार न घेतलेल्यांचें काय झालें?