काळी, पांढरी आणि धातुशोधक यंत्र



वसंत व्याख्यानमालेत तारेच्या वेटोळ्यावर बोलायला उभे राहणे जरा धाडसाचेच. पण हा विषय आपल्या मातीचा आहे, आणि थोडासा खिशाचाही. घरी जुळविलेले धातुशोधक यंत्र घेऊन ‘तुमच्या ओट्याखाली हंडा आहे’ असे सांगणारा कोणी दारी आला, की शहाणीसुरती घरेही कुदळ शोधू लागतात. यंत्र वाजते हे खोटे नसते. ते कशामुळे वाजते, हा प्रश्न असतो.

वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला की भोवती चुंबकक्षेत्र तयार होते. त्यात तांब्याचा पैसा आला की पैशाच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करतात. हौशी मंडळींच्या साध्या यंत्रात दोन आंदोलक असतात. त्यांच्या कंपनसंख्येतला फरक सूर म्हणून कानी येतो. तांबे जवळ आले की वेटोळ्याची कंपनसंख्या चढते आणि सूर पालटतो.

आता आपली जमीन पाहा. खानदेशची काळी ही बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, झिजेतून झालेली. या दगडात मॅग्नेटाइट हे लोहखनिज बारीक कणांनी विखुरलेले असते. तापीच्या वाळूत लोहचुंबक फिरवा, त्याला काळी दाढी फुटते! हे खनिज जवळ आले की कंपनसंख्या उतरते. तांबे वर ओढते, जमीन खाली ओढते. दोघांची बरोबरी झाली की खाली पैसा असूनही यंत्र मुकाट. उलट नुसता दगड आडवा आला, किंवा हातातले वेटोळे बोटभर खाली झुकले, तरी रिकाम्या जागी सूर हलतो. दीपनगरात भर राखेची. वीजकेंद्रात कोळसा जळताना त्यातल्या लोहखनिजांचे सूक्ष्म चुंबकीय गोलक बनतात. ते राखेबरोबर जमिनीत मिसळले की आणखी घोळ.

परिस्थिती न पाहता यंत्रावर विसंबण्याची खोड जुनी आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला खुद्द ग्रॅहॅम बेल आपले यंत्र घेऊन गेले. गोळी सापडली नाही. बिछान्यातल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला, असे पुढे सांगण्यात आले.

तेव्हा टेबलावर पैसा ठेवून ‘वीतभर अंतरावरून ओळखतो’ म्हणणे ही परीक्षा नव्हे. परीक्षा शेतात घ्यावी. प्रथम रिकाम्या जागी वेटोळे वरखाली करून जमीन स्वतः किती बोलते ते ऐकावे. मग एका खड्ड्यात मोजक्या खोलीवर पैसा पुरावा, आणि शेजारी तेवढाच दुसरा खड्डा खणून काही न घालता बुजवावा. हा दुसरा खड्डा फार महत्त्वाचा, कारण उकरलेली माती आणि न उकरलेली माती यंत्राला सारखी वाटतेच असे नाही. यंत्र चालविणाऱ्याला कोणत्या खड्ड्यात काय आहे ते कळू देऊ नये. हंडा सांगणाऱ्या पाहुण्यालाही हीच परीक्षा द्यायला सांगावी. बहुधा त्याला त्याच वेळी दुसऱ्या गावी जायचे असते.

गावाची पांढरी तर याहून फसवी. माती तापली की तिचा चुंबकीय गुण वाढतो. म्हणून जुनी चूल, भट्टी, भाजलेली वीट, सारेच यंत्राला खुणावते. पुरातत्त्वज्ञ या गुणाचा उपयोग करून गाडलेल्या भट्ट्या शोधतात. त्यांच्या लेखी चूल हेच धन. आपल्याला मात्र हंडाच हवा!

सुधारलेल्या यंत्रांत प्रवाहाचा ठोका देऊन तो बंद केल्यावर काही मायक्रोसेकंदांनी ‘ऐकतात’. त्यामुळे जमिनीचा गलबला बराच ओसरतो, पण सगळा नाही. अतिसूक्ष्म चुंबकीय कण ठोका थांबल्यावरही रेंगाळत राहतात.

आणि खरोखरच धन लागले तर? १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास कलेक्टरला कळवावे लागते. गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार करणाऱ्यांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा निघाले, ते झाडाचे मूळ खणताना. तिथे कुणाचेही यंत्र वाजले नव्हते.