वेगळा गिलास



याच चांद्यात १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. विटाळ गाडला. आणि आज आपल्याच घरात एका माणसाचा गिलास वेगळा निघतो. कुणाचा? ज्याच्या रक्तात कावीळ बी नाहीतर सी सापडली त्याचा. ताट वेगळं, खाट अंगणात, पोराला जवळ जाऊ द्यायचं नाय. ही अस्पृश्यता नाय तर काय हाय? आणि या वेळी ती पाळणारे आपण.

बी आणि सी शिवल्यानं लागत नाय. एका ताटात जेवल्यानं लागत नाय. ती रक्तातून लागते. एका सुईनं दहाजणांना टोचलं, जत्रेत एका सुईनं सगळ्यांना गोंदलं, न तपासलेलं रक्त चढवलं, म्हणजे लागते. बी तर शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जाते. दाढीचं पातं, ब्रश आपापला ठेवा. बस्स. डोळे पिवळे होतातच असं नाय. वर्षानुवर्षं ती मुकाट लिव्हर खाते. माळ घालून, डाग देऊन ती मरत नाय.

मग विचारायचं कुणाला? २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारनं व्हायरल हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तपासणी फुकट, औषध फुकट. फोनही फुकट : १८०० ११ ६६६६. सी बहुतेकांची बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होते. बी सहसा मुळासकट जात नाय, पण ज्याला गोळी लागते त्यानं ती सोडली नाय तर लिव्हर वाचतं. घरच्यांना बीची लस हाय. बाळाला ती जन्मल्यावर २४ तासांत टोचायची.

पण १९८२ ला चांद्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत हा फोन लावणार कोण? पर्लकोटा फुगली की भामरागड तुटतं. माडिया बोलणाऱ्या बाईनं आपलं दुखणं कोणत्या भाषेत सांगायचं? मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या मजुराच्या गोळ्या संपल्या, तर त्यानं कुणाचं दार ठोठवायचं? सरकारला आमचा सवाल हाय : माडियात, गोंडीत उत्तर द्या. गोळी मजुराच्या मागं पाठवा.

तोवर पोरांनो, तुम्ही तार व्हा. नंबर भिंतीवर लिहा. ज्याच्याकडं फोन नाय त्याला लावून द्या. पण स्पीकर चालू करू नका. आजार त्याचा हाय, वस्तीच्या चर्चेचा नाय. दवाखान्यात त्याच्यासंगं जा.

आणि आज घरी गेल्यावर तो वेगळा गिलास उचला. त्यानंच पाणी प्या. त्याच्यासमोर प्या.

जय भीम!