बक्षिशी आणि मजुरी

(लासलगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कांद्याचा भाव, निर्यातीचे धोरण असे विषय समोर असताना अमेरिकेतील वेटरांच्या टिपांची चर्चा लासलगावात कशासाठी, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. परंतु काम एकाचे करायचे आणि मोबदल्यासाठी तोंड पाहायचे दुसऱ्याचे, ही व्यवस्था आपल्याला अपरिचित नाही. म्हणून हा विषय घेतला आहे.

अमेरिकेतील उपाहारगृहांत बिलावर पंधरा-वीस टक्के टीप ठेवणे हे फार पूर्वीपासून ऐच्छिक राहिलेले नाही. अलीकडे तर काउंटरवरून पुडके बांधून घेणाऱ्या गिऱ्हाइकापुढेही पैसे भरण्याचे यंत्र वळविले जाते आणि त्यावर अठरा, वीस, पंचवीस टक्के असे आकडे झळकतात. पाच वर्षांपूर्वीपेक्षा अधिक ठिकाणी टिपेची अपेक्षा केली जाते, असे प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के लोकांनी सांगितले. गिऱ्हाईक वैतागले आहे. पण त्याचा राग निघतो तो यंत्र फिरविणाऱ्या पोरीवर. गल्ल्यामागचा मालक सहीसलामत सुटतो.

त्याला सोडविले कायद्यानेच. १९३८ च्या किमान वेतन कायद्यातून तेथील हॉटेल कामगार वगळले गेले होते. १९६६ साली त्यांना आत घेतले, पण टिपेची रक्कम वेतनात धरण्याची मुभा मालकांना देऊन. आज संघराज्याचे किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, ते २००९ पासून वाढलेले नाही. टीप घेणाऱ्या कामगाराला मात्र मालकाने २.१३ डॉलर दिले की पुरे. हा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. टीप कमी पडली तर तूट मालकाने भरावी असे कायदा म्हणतो. ती मागायची कोणी, मागणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार कोण, हे कायदा सांगत नाही. कॅलिफोर्नियासह सात राज्यांनी ही सवलत नाकारून पूर्ण वेतन बंधनकारक केले आहे. त्यामुळे तेथली हॉटेले ओस पडल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही!

या प्रथेच्या मुळाशी वर्णभेदही आहे. गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीने आपल्या रेल्वे डब्यांत कृष्णवर्णीय हमाल-सेवक तुटपुंज्या पगारावर नेमले आणि उरलेले पोट प्रवाशांच्या बक्षिशीवर सोडून दिले. हसतमुख राहणे हा त्यांच्या मजुरीचाच भाग झाला. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ या समाजवादी नेत्याने त्यांची संघटना बांधली. कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ साल उजाडले. पगार हक्काचा हवा, बक्षिशीचा नको, हे त्या लढ्याचे सूत्र होते.

आता आपल्याकडे वळू. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी वतनासंबंधी विधेयक मांडले. महार हा सरकारचा चाकर. राबायचा सरकारसाठी, आणि बलुत्यासाठी मात्र खळ्याखळ्यावर रयतेपुढे उभा राहायचा. बलुते रोख करात बदलून सरकारने ते महसुलाबरोबर वसूल करावे आणि चाकराला द्यावे, ही त्यांची मागणी होती. ज्याचे काम त्याने दाम मोजावे, इतकी ती सरळ होती. तरीही त्या वेळी ती मान्य झाली नाही. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा यायला १९५८ साल लागले. अमेरिकेतील टिपेच्या प्रश्नाचे मर्म याहून वेगळे नाही.

आपल्या बाजारातील हमालांचेही तेच. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात जमा व्हावी आणि मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस द्यावा, ही त्यातील योजना. कोणाच्या मर्जीवर न राहता अंगमेहनतीला हक्क मिळवून देणारी. पण हे पैसे अखेर भरायचे कोणी? हमाली, तोलाई आणि वाराई शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून कापायची की नाही, या वादात एप्रिल २०२४ मध्ये या जिल्ह्यातील कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद पडले, हे तुम्हाला मी सांगायला नको. ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी आणि पाठीवर गोणी घेणारा हमाल, दोन्ही कष्टकरी, एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. अमेरिकेतले गिऱ्हाईक आणि वेटर पाहतात तसेच.

आपल्या हॉटेल कामगारांच्या बाबतीत न्यायालयाची भूमिका स्वच्छ आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने, टीप हे गिऱ्हाइकाचे देणे आहे, मालकाने दिलेले वेतन नव्हे, अशी भूमिका घेतली. पुढे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बिलात सेवाशुल्क आपोआप लावण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ग्राहकाची सुटका झाली, आनंद आहे. पण त्या सगळ्या वादात वाढप्याचा पगार किती, हा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही.

मोबाइलवरून चालणाऱ्या धंद्यांनी तर नवीनच युक्ती काढली. गाडी लवकर हवी तर आधीच टीप कबूल करा, असे उबरने प्रवाशांना सुचविले. त्यावर मे २०२५ मध्ये त्याच प्राधिकरणाने नोटीस काढली. सेवा घेण्याआधी दिलेल्या पैशाला बक्षिशी कशी म्हणायची? ही तर बोली झाली, आणि बोली म्हणजे काय हे लासलगावकरांना कोणी शिकवायला नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कंपन्यांवर उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी बसविली आहे. तीही कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त नाही. म्हणजे माथाडी मंडळाच्या वाटेवरचे पाऊल आहे, पण फार आखडते. मजुरीचा दर ठरविण्याचा विषय तिने सोडूनच दिला आहे.

मग टीप द्यायची की नाही, असे तुम्ही विचाराल. जरूर द्यावी. वाढप्याच्या ताटातले काढून घेऊन सिद्धान्त पाळू नये. शक्य तर रोख आणि त्याच्याच हातात द्यावी. पण स्टँडजवळच्या हॉटेलांत, महामार्गावरच्या ढाब्यांवर जाल तेव्हा आणखी एक करावे. उपाहारगृहांसाठी शासनाने ठरविलेला किमान वेतनाचा दर कागदावर लिहून न्यावा, कामगाराला महिन्याकाठी किती मिळतात ते त्याला एकट्याला गाठून विचारावे, आणि दोन्ही आकडे पुढच्या अभ्यासवर्गाला घेऊन यावेत. चर्चा तेथून पुढे सुरू करू.