कै. मच्छिंद्र कांबळी ह्यांचे ऋण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



ह्या संमेलनात कै. मच्छिंद्र कांबळी ह्यांच्याविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली, तिच्याबद्दल आम्ही मंडळाचे मनःपूर्वक आभारी आहोत. ३० सप्टेंबर २००७ रोजी हा नटवर्य आपल्यातून गेला. त्या वर्षीचे गणपती नुकतेच पोचवून झाले होते, चाकरमानी मुंबईस परतले होते आणि पितृपक्ष चालू होता. त्यांचे वय अवघे साठ वर्षांचे होते. ह्या गोष्टीस आज दीड तप लोटले; तरीही आपल्या जिल्ह्यात चार माणसे एकत्र बसली आणि गजालींना रंग चढला, की कोणाच्या ना कोणाच्या तोंडून तात्या सरपंच बोलू लागतोच. राजकारणी पुरुषांची नावे लोक इतक्या काळात विसरतात. एका नटाचे नाव मात्र लोकांनी आपल्या बोलण्यात जिवंत ठेवले आहे. असे का झाले, ह्याचा विचार आज आपण करू.

प्रारंभीच एका शंकेचा उल्लेख केला पाहिजे. हा विषय जाहीर झाल्यावर काही सभासदांनी आम्हांस विचारले, "मास्तर, व्यासपीठ आपल्या ज्ञातीचे, मग कांबळी कोणत्या ज्ञातीचे?" शंका रास्त आहे. येथे आपण आपल्या गुणवंत मुलांचा सत्कार करतो, आपल्या वृद्धांचा गौरव करतो, आपल्या निधीचा हिशेब वाचतो. ह्या शंकेचे उत्तर आम्ही भाषणाच्या शेवटी देणार आहोत. तोवर श्रोत्यांनी ती मनात बाळगावी.

मच्छिंद्र कांबळी ह्यांचा जन्म १९४७ सालचा. मालवणनजीकचे, कोळंबच्या खाडीपलीकडील रेवंडी हे त्यांचे गाव. त्या गावच्या श्री देवी भद्रकालीवर त्यांची अढळ श्रद्धा होती आणि पुढे आपल्या नाट्यसंस्थेस त्यांनी तिचेच नाव दिले. गंगाराम गवाणकर ह्यांनी लिहिलेले 'वस्त्रहरण' हे नाटक १९८० साली रंगभूमीवर आले. ध्यानात घ्या, तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वातही नव्हता. तो १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. नाटकास आरंभी फारसा आश्रय लाभला नाही. परंतु पु. ल. देशपांडे ह्यांच्यासारख्या रसिकाग्रणीने ते पाहून पत्ररूपाने त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि नाटकाचे दैव पालटले. पुढे त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. ते लंडनलाही गेले. 'चाकरमानी', 'पांडगो इलो रे बा इलो', 'घास रे रामा' अशी नाटके त्यामागून आली आणि मालवणी नाटक म्हणजे मच्छिंद्र कांबळी हे समीकरण मराठी रसिकांच्या मनात कायमचे ठसले.

हा झाला इतिहास. परंतु 'वस्त्रहरणा'ने नेमके काय केले, हे समजून घ्यावयाचे तर दशावताराकडे वळले पाहिजे. आपल्या गावच्या जत्रेतला दशावतार आठवा. मध्यरात्री देवळाच्या प्रांगणात पेटी, मृदंग आणि झांज वाजू लागतात. आरंभीच्या आडदशावतारात गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, भटजी येतो आणि काळ्या वेषातला संकासुर येतो. हा संकासुर बोलतो तो मालवणीत. भटजीची तो फिरकी घेतो, गावातल्या बऱ्यावाईटाचा समाचार घेतो आणि लहान मुले आईला बिलगून त्याच्याकडे पाहत राहतात. पुढे विष्णूच्या हातून तो मारला जातो आणि मुख्य आख्यान सुरू होते. त्या आख्यानात राजे, ऋषी आणि देव अवतरतात. त्यांचे संवाद लिहिलेले नसतात, नट ते उत्स्फूर्तपणे रचीत जातात. पण त्यांची भाषा असते ती भारदस्त, ग्रंथांतली मराठी.

ह्यातला अर्थ पाहा. आपली बोली रंगमंचावर पूर्वीपासून होती, पण तिची जागा पूर्वरंगात होती. ती असुराच्या मुखी होती आणि राजसभा भरण्यापूर्वी तिला निघून जावे लागे. कांबळी आणि गवाणकर ह्यांनी तिला मुख्य आख्यानात आणून बसविले. गावातली हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक करावयास निघतात एवढेच त्या नाटकाचे कथानक. परंतु त्या निमित्ताने प्रत्यक्ष महाभारतातले वीर मालवणी बोलू लागले. पूर्वी देवळाच्या प्रांगणापुरती असलेली ही बोली दादरच्या शिवाजी मंदिरासारख्या नाट्यगृहात, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे, पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत ताठ मानेने उभी राहिली.

तो काळ कोणता होता, तेही तरुणांस ठाऊक असावे. आपल्या कितीतरी घरांतील कर्ते पुरुष तेव्हा लालबाग-परळच्या गिरण्यांत कामास होते. एकेका खोलीत दहा-पंधरा गाववाले राहत, खाणावळीत जेवत आणि महिन्याअखेरीस गावी मनीऑर्डर पाठवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील असंख्य संसार पुन्हा सावरले नाहीत. काही माणसे गावी परतली, काहींनी मिळेल ते काम धरले. त्या पडत्या दिवसांत, खिशात फारसे काही नसताना, ही माणसे ह्या नाटकांना जाऊन बसत. पोटभर हसण्यासाठी तर ती जातच. पण आपण बोलतो तशी भाषा बोलणारा माणूस तेथे प्रमुख भूमिकेत उभा असे आणि सारे नाट्यगृह, घाटावरचे आणि पुण्याचे प्रेक्षकसुद्धा, त्याच्या शब्दाची वाट पाहत असे. गिरणी गेलेल्या माणसाच्या पदरात त्या तीन तासांत काय पडले असेल, ह्याचे मोल पैशांत करता येणार नाही.

तत्पूर्वी मुंबईत आपल्या बोलीची काय अवस्था होती? कचेरीत, बसमध्ये, परक्या पाहुण्यांसमोर आपला माणूस आवाज खाली करून बोले. 'खंय' हा शब्द तोंडातून निसटला तर आजूबाजूची मंडळी हसत. शिक्षकी पेशात असताना आम्ही पाहिले आहे, की जी मुले वर्गात उत्तर देण्यास उठत नसत ती मधल्या सुटीत वडाखाली अखंड बोलत. बुद्धी तीच, मूल तेच. फक्त वर्गात त्याला शब्दांचा धाक वाटे आणि वडाखाली तो वाटत नसे. 'वस्त्रहरण' गावोगावी पोहोचल्यावर हीच मुले स्नेहसंमेलनात पुढे आली. तात्या सरपंच होण्यासाठी त्यांच्यात चढाओढ लागे. जिभेवरचा धाक एका नटाने दूर केला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

हे त्यांना साधले कशामुळे? आमच्या अल्पमतीस असे वाटते, की ते आपल्या माणसाची नक्कल करीत नव्हते. बाहेरचा नट खेडुताचे सोंग आणतो तेव्हा तो प्रेक्षकाशी संगनमत करून खेडुताला हसतो. कांबळी ह्यांचा सरपंच हेकट होता, बढाईखोर होता, आतल्या गाठीचा होता, परंतु मूर्ख नव्हता. आपल्या गावात असा एक तरी गृहस्थ आहे आणि तो आपला काका वा मामा आहे, हे प्रत्येक प्रेक्षक ओळखून होता. स्वतःला हसण्याची शक्ती ज्या समाजाच्या अंगी आहे, त्याला दुसऱ्याच्या हसण्याचे भय राहत नाही. ही शक्ती त्यांनी आपणांस दिली.

तथापि, प्रेमाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. मोठ्या नटाच्या यशामागून अनुकरण येते. मालवणी बोलणारा म्हणजे हमखास हसविणारा, अशी समजूत पुढे चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवर रूढ होऊ लागली. जणू ह्या बोलीत कोणी रडत नाही, कोणी मयतास जात नाही, कोणी न्यायासाठी भांडत नाही! सुदैवाने वारे पुन्हा फिरले. २०१६ साली आकेरी येथील वाड्यात चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली आणि भय, कपट, मायलेकरांचे दुःख हे सारे मालवणी उच्चारांत घरोघर ऐकू आले. २०१७ साली 'गाव गाता गजाली' आली. २०२५ साली दिलीप प्रभावळकर ह्यांच्या प्रमुख भूमिकेचा 'दशावतार' हा चित्रपट आला आणि आपल्या मातीतला तो वृद्ध कलावंत साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. हा रस्ता कोणी पाडला, असे कोणी विचारले तर बोट मच्छिंद्र कांबळी ह्यांच्याकडेच दाखवावे लागेल. त्यांच्या पश्चात भद्रकाली संस्थाही थांबली नाही. त्यांचे पुत्र प्रसाद कांबळी ह्यांनी ती पुढे चालविली आणि २०१७ साली 'संगीत देवबाभळी'सारखे गंभीर नाटक तिने रंगभूमीवर आणले. पित्याचे देणे मुलाने आपल्या रीतीने फेडले.

आता आपण कसे फेडावयाचे? कवी मागे पुस्तक ठेवतो, मूर्तिकार मूर्ती ठेवतो. नाटकाच्या नटाचे तसे नसते. त्याची कला पडद्याबरोबर मिटते. ध्वनिचित्रफितीत तिची सावली तेवढी उरते. ती खरी उरते प्रेक्षकांच्या कानात, आणि ते कानही आता थकत चालले आहेत. पुण्यतिथीस तसबिरीला हार घालावा, त्यात वावगे काही नाही. परंतु ज्याने आयुष्यभर एका बोलीला उभे केले, त्याची तसबीर घरात असावी आणि ती बोली मात्र घरात नसावी, हे स्मरण कसले?

आणि आज आपल्या घरांची स्थिती तीच होऊ पाहत आहे. मे महिन्यात मुंबईहून, पुण्याहून, परदेशातून नातवंडे येतात. आजी विचारते, "बाय माझ्या, खंय गेललंस?" आणि नात आईच्या तोंडाकडे पाहते. मग आई मधे पडून अर्थ सांगते. आजी आणि नात ह्यांच्यामध्ये दुभाष्या उभा राहावा, ह्याहून मोठी दरी ती कोणती? इंग्रजी शिकू नये असे आम्ही म्हणणार नाही. पोटाची विद्या आलीच पाहिजे. शुद्ध मराठीही आलीच पाहिजे. ती आम्ही जन्मभर शिकविली आणि आजही तीतच बोलत आहोत. परंतु मूल दोन-तीन भाषा सहज पेलते. बोली गेली की तिच्यासोबत समुद्राचे, शेताचे, स्वयंपाकाचे, नात्यागोत्याचे शेकडो शब्द जातात. ते शब्द कोणत्याही शालेय पुस्तकात नाहीत. ते म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत आणि म्हातारी माणसे वाट पाहत थांबत नाहीत.

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवतो. एक, पुढील संमेलनापासून मुलांसाठी मालवणीतून गोष्ट सांगण्याची स्पर्धा घ्यावी आणि तिला अभ्यासातील गुणांइतकेच मानाचे बक्षीस ठेवावे. दोन, प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडचे जुने शब्द, म्हणी आणि हुमाणी मुलांनी वहीत उतरवून घ्यावीत आणि ह्या स्मरणिकेत त्यांस दरवर्षी काही पाने द्यावीत. तीन, गावच्या जत्रेतील दशावतारास शेवटपर्यंत बसावे. मुलांना मांडीवर घेऊन बसावे. ह्या तिन्हींस खर्च फारसा नाही. वेळ मात्र लागेल.

आता त्या प्रारंभीच्या शंकेचे उत्तर. कांबळी कोणत्या ज्ञातीचे? बंधूंनो, रापण ओढताना दोरीला हात लावणाऱ्याची जात दोरीला कळत नाही. जाळे किनाऱ्यास लागले की मासळीचा वाटा मात्र प्रत्येकास मिळतो. देवगडपासून दोडामार्गापर्यंत ह्या बोलीचे हेल बदलतात, गावागणिक शब्द बदलतात. पण ती कोणा एका ज्ञातीच्या मालकीची नाही. नाट्यगृहात शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे हे न विचारता आपण सारे एकाच वेळी हसलो. त्या हास्यात जो सामील झाला, त्या प्रत्येकाचे ते होते. म्हणून ते आपलेही आहेत. ज्ञातिसंस्थेने आपल्या मुलांना जरूर सांभाळावे, परंतु शेजाऱ्यांसह जे मिळाले आहे ते शेजाऱ्यांसहच जपावे. ह्या स्पर्धेत गावातील सर्व मुलांना बोलवावे, अशी आमची चौथी आणि शेवटची सूचना समजावी.

 सभेचे भाषण शुद्ध मराठीत झाले. शेवट मात्र आपल्या रीतीप्रमाणे गाऱ्हाण्याने करतो. साद आपण सर्वांनी द्यावयाची आहे.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी जो काय मेळावो केलो हा, तो गोड मानून घे. ही पोरांबाळां मुंबयक ऱ्हवांदेत, नायतर सातासमुद्रापलीकडे जावंदेत, त्यांच्या तोंडातली मालवणी सुकाक दिव नको. ज्या माणसान आमका हसवल्यान, तेचा नाव ह्या मुलखात जागता ठेव. आणि बारा-पाचांका एकविचारान ठेवन सगळ्यांचा बरा कर रे म्हाराजा!"

होय म्हाराजा!